सरांकडे दाखला मागितला म्हणून

ठाण्यात पोखरण रोडवरच्या आमच्या सोसायटीत सध्या एका नोटिशीवरून रण माजलं आहे. क्लब हाउसमध्ये संध्याकाळी कराटेचा क्लास चालतो. कमिटीने सरांना सांगितलं की पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणा, क्लास चालू असताना दार उघडं ठेवा, कुठल्याही पालकाला येऊन बसू द्या, आणि मुलांना परस्पर मेसेज न करता काय ते पालकांच्या ग्रुपवर टाका. झालं! 'ज्यांनी आपली पोरं घडवली त्यांच्यावर संशय?' 'गुरूकडे कुणी कागद मागतं का?' 'उद्या आईबापांकडेही मागा!' वहिनी स्क्रीनशॉट पाठवत असते आणि मी ते इथे स्टुटगार्टला कामावर जाता-येता वाचते.

मी याच सरांच्या हाताखाली शिकले, आणि आता इथल्या क्लबात संध्याकाळी लहान मुलांना कराटे शिकवते. कमिटीचं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते.

इथे मुलांसमोर उभं राहण्याआधी मला नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन चारित्र्याचा दाखला काढावा लागला. साधा नव्हे, मुलांमध्ये काम करणाऱ्यांसाठी असतो तो विस्तारित. जर्मनीत २०१२ साली बालसंरक्षणाचा नवा कायदा आला, तेव्हापासून क्लबांमध्ये हे अंगवळणी पडलं आहे. त्याची फी १३ युरो, पण विनामोबदला काम करणाऱ्याला तीही माफ. क्लबच्या अध्यक्षांनी तो पाहिला, तारीख टिपून घेतली आणि परत दिला. माझ्या आधी रांगेत आमचे सगळ्यात ज्येष्ठ शिक्षक होते, केस पांढरे झालेले. त्यांनीही दिला. सगळ्यांनाच द्यावा लागतो म्हटल्यावर अपमान कुणाचा होणार?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, आणि विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने गुन्हा केला तर तो अधिक गंभीर धरला जातो. पण कायदा येतो तो घडून गेल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं अत्याचाराचं प्रकरण झालं, त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश दिले. बदलापूर आपल्याच जिल्ह्यातलं. सोसायटीच्या हॉलमधला क्लास मात्र शाळा नव्हे, त्यामुळे तिथे कमिटीने विचारलं नाही तर कुणीच विचारत नाही.

'परंपरा' हा शब्द ग्रुपवर फार उधळला जातोय. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली १८८२ मध्ये. काळ्या पट्ट्याची पद्धत त्यांचीच. कराटेत ती जपानमध्ये कराटे रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशींनी आणली आणि पहिले काळे पट्टे दिले १९२४ मध्ये. म्हणजे ज्या पट्ट्यासमोर आपण ऋषिमुनींच्या काळातला असल्यासारखे वाकतो, तो जेमतेम शंभरेक वर्षांचा. कानो तर पेशानेच शिक्षक होते, शाळांच्या कारभारात मुरलेले. त्यांना दाखल्याचं वावडं असतं असं मला वाटत नाही. खुद्द जपानमध्ये २०१३ साली ज्युदोच्या राष्ट्रीय महिला संघाच्या प्रशिक्षकाला पायउतार व्हावं लागलं, कारण पंधरा खेळाडूंनी मारहाणीची तक्रार केली होती. सेन्सेईंच्या, म्हणजे गुरूंच्या, देशात शिष्या बोलू शकतात, तर पोखरण रोडवर पालकांनी का गप्प बसावं? (आपल्या ठाण्याचं स्टेडियमही दादोजी कोंडदेवांच्या नावाचं, ज्यांच्या गुरुपणावरून पुण्यात लाल महालातला पुतळा २०१० मध्ये हलवला गेला. गुरू कोण, यावर भांडण्यात आपण काही कमी नाही.)

पण चिडलेल्या पालकांना नेमकं काय हातचं जाईल असं वाटतंय, ते मला कळतं. नववीतून दहावीत जाताना बाबांनी माझा क्लास बंद केला. सर घरी आले. गणवेशात नव्हे, इस्त्रीचा शर्ट घालून. आईने पोहे केले. ते बाबांशी कराटेबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, गणिताचा क्लास किती वाजता सुटतो ते विचारलं आणि म्हणाले, 'मग साडेसातला पाठवा, अर्धा तास. मी थांबतो.' आणि थांबले, वर्षभर. झेनकुत्सु-दाचीमध्ये, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणून उभं राहताना, माझी मागची टाच उचलली जायची, तर बोलायचे नाहीत. येऊन शेजारी तसेच उभे राहायचे, त्यांची टाच जमिनीला चिकटलेली, आणि मी बघेपर्यंत हलायचे नाहीत.

हे इथे नाही. इथे मुलं मला नावाने हाक मारतात, त्याचं काही नाही. पण तेरा-चौदाव्या वर्षी मूल फुटबॉलकडे वळलं की आईचा एक ईमेल येतो, सदस्यत्व रद्द, धन्यवाद. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तर ते घाबरतील. इथे नियम चोख आहेत, आणि त्या नियमांपलीकडे कुणाला कुणाचं देणंघेणं नाही, असं कधीकधी वाटतं. तरी घरी येणं आणि दाखला देणं यांत एकाने दुसऱ्याला का मारावं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. सर आमच्या घरी आले तेव्हा आई-बाबा समोरच बसले होते.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे आणि तिच्यावर नोटिशीत एक ओळ नाही. ती म्हणजे बेल्टची परीक्षा. भाची सांगते की दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, त्याची फी निराळी, सर्टिफिकेटचे पैसे निराळे, कधी डबल प्रमोशन. आमच्या वेळी सर एखाद्याला वर्ष वर्ष यलोवर ठेवायचे. आता ठेवत नाहीत, कारण पालकच विचारतात, 'शेजारच्या क्लासमधला ग्रीन झाला, आमचा अजून यलोच?' हॉलचं भाडं द्यायचं, घर चालवायचं, त्यात नापास केलेला मुलगा पुढच्या महिन्यात क्लास बदलतो. ज्या दिवशी सरांना 'अजून नाही' म्हणणं परवडेनासं झालं, त्या दिवशी नातं ढिलं पडलं. पोलिसांचा कागद त्यात कुठेच नाही.

इथे मला हा मोह पडत नाही, आणि त्यात माझा मोठेपणा काही नाही. क्लब सदस्यांच्या वर्गणीवर चालतो, माझं पोट माझ्या नोकरीवर. क्लबकडून मिळतं ते मानधन, ज्यावर वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत कर माफ असतो (२०२१ ते २०२५ मध्ये ती ३००० युरो होती). माझं त्याच्या जवळपासही जात नाही. मूल नापास झालं तर माझ्या खिशाला काही होत नाही, म्हणून मी खुशाल नापास करते. शिकवायचा परवाना मात्र फुकट नव्हता: पंचेचाळीस मिनिटांच्या १२० तासिका, आणि दर चार वर्षांनी नूतनीकरण.

ठाण्यात सगळ्या सरांनी नोकरी करून हौस म्हणून शिकवावं, असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. पण सोसायटीला एवढं जमेल की महिन्याची फी नीट वाढवायची, हॉलचं भाडं माफ करायचं आणि परीक्षेची फी सरांच्या हातातून काढून घ्यायची. परीक्षेला बाहेरचे परीक्षक बोलवावेत, वर्षातून दोनदा. मी हे वहिनीमार्फत ग्रुपवर टाकलं. दाखल्याच्या मुद्द्यावर रात्रभर मेसेज पडत होते. सरांनी तर, वहिनी म्हणते, पहिल्याच दिवशी ऑनलाइन अर्ज भरून पावती सेक्रेटरींना दिली होती, ती कुणी वाचलीच नाही. फी वाढवायच्या माझ्या सूचनेवर आजतागायत एकच उत्तर आलंय, तळमजल्यावरच्या काकांचं: 'तिकडे युरोत बोलायला काय जातं.'