नुसती फी भरून भागत नाही
लेखात म्हटलंय चर्चने स्कॉलरशिप दिली की पाळक (चर्चचा धर्मगुरू) व्हायला शिकणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची काळजी मिटली, पण फीच्या पुढेच खरा खर्च असतो हो. आमच्या वाशीच्या चर्चच्या मंडळीतला एक जण पुण्यात बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) करतोय, 1983 च्या आधी यवतमाळला होती तीच, नोकरी सोडून गेलाय, बायको आणि तान्हं बाळ सोबत, मग मेस, बाळाचं डॉक्टर, ग्रीक-हिब्रूची जाडजूड पुस्तकं सगळं आलंच ना. दर महिन्याला दानाच्या पिशवीत त्याच्या नावाचं वेगळं पाकीट पडतं, त्यात एका रिक्षावाल्या काकांची पन्नासची नोट न चुकता असते, मला तीच सगळ्यात मोठी वाटते. आणि मुलींचं काय? पाळकसाहेब आणि कमिटीने शिफारस केल्याशिवाय स्पॉन्सरशिप मिळत नाही आणि मुलीचं नाव पुढे करायला आमच्याकडे अजून बिचकतात, त्यावर पण लिहा प्लीज.