चार बाय सहाचं वर्षावन

गाडीवाल्यानं रोप देताना एवढंच सांगितलं, "जंगलातलं हाय, बारमाही हिरवं ऱ्हातंय." नाव विचारलं तर म्हणाला, "शोचं." शोच्या झाडाला नाव नसतं, भाव असतो. दीडशे रुपये.

आठवडाभरात गल्लीनं बारसं उरकलं. समोरच्या आजी म्हणाल्या, तगर. हिला एक्झोरा वाटला. रिक्षावाला मित्र म्हणाला, "काय बे, चिक्कू हाय की!" शेवटी वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांना चहाला बोलावलं. त्यांनी पान तोडलं. "चीक नाही. तगर बाद, चिक्कूही बाद." मग समोरासमोरच्या पानांच्या देठांमधला बारीक त्रिकोण नखानं दाखवला. "उपपर्ण. हे कदंबाचं कुळ." एक्झोराचंही कुळ तेच, त्यामुळे ही दिवसभर माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघत होती. चकचकीत पान, लाटेसारखी कड. कॉफी असावी, असं सर पुटपुटले. पण फळ बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले.

कॉफी! इथिओपियाच्या डोंगरी जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढणारं झुडूप. त्याला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस लागतो, आमच्याकडे त्याच्या निम्मा पडायचीही मारामार. त्याला २०-२२ अंश मानवतं, सोलापूरचा मे ४२ च्या पुढे. आणि मी ते गच्चीवर भर उन्हात ठेवलं होतं. पानांचे पापड झाले होते.

मग व्हरांड्यात वर्षावन उभारलं. जुनी सोलापुरी चादर ओली करून ग्रिलवर टांगायची, वाळली की पुन्हा भिजवायची. येणारा जाणारा विचारी, "आज धुणं काढलंय वाटतं?" नळाला पाणी चार दिवसांआड, त्यात चादरीचा हिस्सा वेगळा. पाहुण्यांनी आंघोळ लांबवली की माझा जीव खालीवर.

तरी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. सर म्हणाले, "काळ्या मातीतला चुना लोह अडवून धरतो, शिवाय तुमचं बोअरचं जड पाणी." माती बदलली, शेणखत भरलं, दुकानातून हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणून चिमूटभर घातला. झाडाला फिल्टरचं पाणी सुरू झालं आणि आम्ही बोअरचं उकळून पिऊ लागलो. ही म्हणाली, "मला एकदा कुंडीत लावा."

अशी तीन वर्षं गेली. तिसऱ्या एप्रिलमध्ये वळीव धो धो आला. मी कुंडी उचलून पावसात ठेवली, आणि आठ-दहा दिवसांनी पहाटे सगळ्या व्हरांड्यात जाईसारखा वास! फांद्यांवर कापूस पिंजून ठेवल्यासारखी पांढरी फुलं. कॉफीचं असंच असतं म्हणे. कोरडे महिने काढायचे, पहिल्या पावसावर एकदम फुलायचं. मी सरांना आणायला धावलो.

परत येतो तो झाड बोडकं. समोरच्या आजी टोपली घेऊन निघालेल्या. "तगर छान फुललीय रे तुझी. सिद्धेश्वराला वाहून येते."

आजींचा हात पोचला नाही त्या फांदीला अकरा फळं धरली. एकट्या झाडाला फळ धरलं म्हणजे कॉफीतली अरेबिका जात, असं सरांचं निदान. दुसरी जात रोबस्टा, तिला परक्या झाडाचे पराग लागतात. फळं लाल व्हायला आठ महिने लागले. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या सुमारास तोडली, सोलली. बावीस बिया. एका कपाला साठ-सत्तर तरी लागतात. हिनं त्या शेंगदाण्याच्या कढईत भाजल्या. दोन चमचे जे काही तयार झालं, त्याला शेंगाचटणीचा वास होता. सरांनी चमचाभर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "कॉफीच आहे. आता जरा चहा टाका."

परवा आजी कंपाउंडवरून विचारत होत्या, "काय रे, यंदा तगरीला कळ्या कधी?"