सांता मोनिकाच्या त्या मेसेजबद्दल, एकेक मुद्दा घेऊन

गेले पंधरा दिवस कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला आधी तालमीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या, मग सासरकडच्या. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाबद्दल आहे. थोडक्यात त्यात लिहिलंय की १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर आपल्या सरकारनं तिथल्या नन्सना बाहेर काढलं आणि चर्चचं म्युझियम केलं. त्या नन्स म्हणजे धरून आणून कोंडलेल्या आपल्या पोरी होत्या. आत जी सोन्याचांदीची कामं मांडलीत ती सगळी पोर्तुगालहून जहाजानं आलेली, आपला तिथं काडीचा संबंध नाही, तेव्हा तिकीट काढून जाऊ नका.

मी त्या म्युझियममध्ये दोनदा जाऊन आलोय, दुसऱ्यांदा माझ्या मामाला घेऊन. मामा हुपरीचा, उभा जन्म चांदीच्या कामात गेला. मेसेजमधला जवळपास प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि एक चूक तर मला सहनच होत नाही, त्यावर खाली येतो.

आधी ते १९६१. हा मठ ऑगस्टिनियन पंथाच्या नन्ससाठी १६०६ ते १६२७ या काळात बांधला, आर्चबिशप मेनेझिश यांच्या पुढाकारानं. १६३६ ला आग लागली, परत उभा केला. मग १८३० च्या दशकात खुद्द पोर्तुगालच्याच सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले, पाद्र्यांना मठ सोडायला लागले, नन्सना राहू दिलं पण नवीन कुणाला आत घ्यायचं नाही असा हुकूम. त्यामुळं आत होत्या त्या म्हाताऱ्या होत गेल्या, एकेक करून गेल्या, आणि १८८५ ला शेवटचीही वारली. म्हणजे गोवा मुक्त झाला तेव्हा त्या मठातली शेवटची नन जाऊन ७६ वर्षं झाली होती, बाहेर काढणार कुणाला? उलट १९६४ ला याच मठाच्या इमारतीत नन्सना धर्माचं शिक्षण देणारी मातेर देई नावाची संस्था सुरू झाली. म्हणजे आपल्या राज्यात तिथं नन्स परत आल्या, बरोबर उलटं झालं.

आणि म्युझियमही त्या वेळचं नाही. म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट १९९४ ला सुरू झालं ते गोव्यातल्याच साष्टी तालुक्यातल्या राशोलच्या सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत), गोव्याचं आर्चडायोसिस म्हणजे आर्चबिशपच्या हाताखालचं चर्चचं प्रशासन, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि लिस्बनचं गुल्बेंकियन फाउंडेशन यांनी मिळून केलं. सांता मोनिकाच्या चर्चमध्ये ते २००२ ला आलं. म्हणजे चर्चच्या लोकांनीच चर्चच्या वस्तू चर्चमध्ये मांडल्या.

हा घोळ कुठून झाला त्याचा माझा अंदाज सांगतो. मेसेजसोबतच्या फोटोत वीरगळ दिसतात. वीरगळ सांता मोनिकात नाहीत हो, ते खाली सेंट फ्रान्सिस असिसीच्या मठात, पुरातत्त्व खात्याच्या म्युझियममधले, आणि ते खरंच सरकारी आणि खरंच १९६४ चं. पण त्या मठातले फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्रीसुद्धा १८३० च्या दशकातच गेलेले. दोन वेगळ्या जागा एकात मिसळल्या की असं होतं.

दुसरा मुद्दा, पकडून आणलेल्या पोरींचा. इथं मी जपून बोलतो, कारण पोर्तुगीजांनी काय केलं ते झाकायचं नाहीये मला. १५४० च्या सुमारास जुन्या गोव्याभोवतालच्या तिसवाडीतली मंदिरं पाडली हे खरंय, १५६० पासून इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं हे खरंय, आपण ज्या मंगेशीला दर्शनाला जातो तो देव कुठ्ठाळीहून फोंड्याकडं रात्रीचा का हलवायला लागला ते गोव्यातलं शेंबडं पोर सांगेल. पण सांता मोनिकातल्या नन्स बहुतेक करून पोर्तुगीज खानदानी घरातल्या मुली आणि विधवा होत्या, हुंडा घेऊन आत जाणाऱ्या. गोव्याच्या नगरपालिकेचीच तक्रार होती की सगळा पैसा आणि लग्नाच्या मुली मठात चालल्यात. त्यातल्या किती मनानं गेल्या आणि किती घरच्यांनी धाडल्या हा प्रश्न जरूर विचारा, पण तो त्यांच्या घरचा प्रश्न होता. खरा अन्याय दाखवायला खोटी गोष्ट लागत नाही, खोटी सापडली की लोक खऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

आता ती चूक जी मला लागली. "सगळं पोर्तुगालहून आलेलं."

अरे बाबांनो, नाही! तिथलं बहुतेक काम इथल्या हातांचं आहे. सोळाव्या शतकात रावळू शेट नावाचा गोव्याचा हिंदू सोनार १५१८ ला लिस्बनला गेला आणि राजा मानुएलसाठी तिथं काम केलं, १५२० ला परत आला. म्हणजे माल तिकडनं यायचं सोडा, कारागीर इकडनं मागवला होता. पुढं १५६७ च्या गोव्यातल्या चर्चच्या धर्मपरिषदेत ठरवलं की चर्चच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घ्यायच्या नाहीत. आता विचार करा, हा नियम करायची पाळी कधी येते? सगळे त्यांच्याकडूनच करून घेत असतात तेव्हा. आणि नियमानंतरही काम थांबलं नाही म्हणून मनाई पुन्हा पुन्हा काढायला लागली. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये आपण सगळे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ज्या चांदीच्या पेटीपुढं फोटो काढतो, ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच चांदीकामगारांनी घडवलेली.

हस्तिदंतातला बाळ येशू बघा, मेंढपाळाच्या रूपातला, टप्प्याटप्प्यांच्या डोंगरावर बसलेला, डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला. असली मूर्ती गोव्यात घडायची, आणि ती बसण्याची ढब, ते मिटलेले डोळे बघून बुद्धच आठवतो. गोव्यातल्या चर्चमध्ये प्रवचनाच्या लाकडी व्यासपीठाखाली नागिणी कोरलेल्या सापडतात. पोर्तुगालच्या सुताराच्या हातात नागीण कुठनं येणार?

म्युझियममध्ये पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं चांदीचं पात्र आहे, सोन्याचा मुलामा दिलेलं, प्रसादाची पवित्र रोटी ठेवायचं. पेलिकन स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत, म्हणून तो येशूचं चिन्ह. मामा त्या काचेपुढं अर्धा तास उभा. त्याला ना येशूचं काही माहीत ना पेलिकनचं. तो पिसं बघत होता. पत्रा मागनं ठोकून उठाव कसा काढलाय, मग पुढनं बारीक छिन्नीनं एकेक पीस कसं ओढलंय, हे तो मला काचेवर बोट फिरवून दाखवत होता आणि मधेच म्हणाला, "ह्ये आपल्यातल्याच कुनीतरी केलंय, बघ." ते सोनार गोव्याचे होते, हुपरीचे नव्हते, पण मला कळलं त्याला काय म्हणायचंय. त्या कारागिरांची नावं बहुतेक कुठं लिहिलेली नाहीत. आणि आता आपणच, मराठीत, आपल्या ग्रुपवर लिहायचं की ते त्यांनी केलंच नाही?

"आपला संबंध नाही" या वाक्यावर अजून एक. आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन आहे, समुद्राचा ग्रीक देव, एवढासा ब्राँझचा. पंचगंगेच्या काठावर सापडला म्हणून आपण तो अभिमानानं दाखवतो, बरोबरच करतो. तिथं परदेशी देव आपला होतो, मग आपल्या हातची चांदी परकी कशी?

तिकिटाबद्दल फार बोलत नाही. जानेवारी २०१२ मध्ये या म्युझियमवर दरोडा पडला आणि राखणदाराचा खून झाला. वस्तू राखायला माणसं लागतात, पैसा लागतो.

जाणार असाल तर बॉम जेझूपासून चढ चढून वर या, सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा लागतो, त्याच्या समोरच सांता मोनिका. जांभ्या दगडाची भिंत आणि तिला टेकू दिलेले मोठे धिरे दिसले की आलात. आत गेल्यावर पेलिकन शोधा आणि काचेच्या जरा बाजूनं उभं राहून बघा, समोरून उजेड चमकतो, पिसं बाजूनंच नीट दिसतात.