‘असिस्ट लावणारा ड्रायव्हर नव्हे, प्रवासी’ म्हणे!

दिवाळीपासून एक मजकूर आमच्या भागात रेसिंग खेळणाऱ्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर फिरून राहिला आहे. मला तो एका आठवड्यात तिघांनी पाठवला. एक दर्यापूरचा, एक पुसदचा, आणि तिसरा माझाच मामेभाऊ, शेजारच्या खोलीत बसून. मथळा असा: ‘असिस्ट लावून खेळणारा ड्रायव्हर नव्हे, प्रवासी’. असिस्ट म्हणजे गाडी सांभाळायला खेळातच दिलेली मदत, हवी तर लावायची, नको तर बंद करायची. खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘खरा असशील तर पुढे पाठव’.

मी मोर्शीकडच्या एका खेड्यात राहतो. सहा वर्षांपासून सिम्युलेटरवर गाडी चालवतो. व्हील अमरावतीहून आणलेलं सेकंडहँड, आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या पाटावर क्लॅम्पनं आवळलेलं. पेडल फरशीवर सरकू नयेत म्हणून त्यांच्यामागे गव्हाचं पोतं लावलं आहे. एवढ्याच भांडवलावर बोलतो.

पहिला मुद्दा: ‘एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू असलं की गाडी कॉम्प्युटर चालवतो.’

ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला हे सांगून पाहा. सीटशेजारी हायड्रॉलिकचे लिव्हर असतात, एक पोझिशनचा, एक ड्राफ्टचा. नांगर कडक मातीत ओढ घ्यायला लागला की ड्राफ्ट कंट्रोल त्याला आपोआप जरा वर उचलतो, माती नरम लागली की पुन्हा खाली सोडतो. हॅरी फर्ग्युसननं ही युक्ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच काढली. पण तास वाकडा निघाला तर शिव्या ड्रायव्हरलाच पडतात, हायड्रॉलिकला कोणी बोलत नाही.

एबीएसचं तसंच आहे. जाम होऊ पाहणाऱ्या चाकावरचा ब्रेकचा दाब ते सेकंदात अनेकदा सोडतं आणि पुन्हा धरतं, काम संपलं. ब्रेक कुठं मारायचा, वळणात किती वेग न्यायचा, पेडल केव्हा सोडत आणायचं, यातलं काही ते ठरवत नाही. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, अडीचशेच्या वरच्या वेगात वीस मीटर उशिरा ब्रेक मारा. एबीएस पूर्ण चालू असू द्या, तुम्ही सरळच जाणार. आणि ब्रेक पूर्ण दाबलेला ठेवून वळायला गेलात तर पुढच्या टायरची सगळी ताकद थांबण्यातच खर्च होते, गाडी नाक वळवायला राजी होत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलही चाकं जागीच फिरायला लागली की इंजिनाची ताकद तेवढी कापतं. ते जास्त लावलं तर वळणातून निघताना गाडी घोरत निघते आणि मागचा पुढे जातो. म्हणजे या ‘प्रवाशा’ला तिकीट महागच पडतं.

दुसरा मुद्दा: ‘खऱ्या रेसिंगमध्ये असलं काही नसतं.’

कोणत्या खऱ्या रेसिंगमध्ये, राजेहो? जीटी३ वर्गाच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसगाड्यांना एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही नियमानंच चालतात. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवरची २४ तासांची शर्यत या गाड्यांची. फ्रान्समधल्या ले मान्सच्या शर्यतीतही २०२४पासून याच गाड्यांचा एलएमजीटी३ वर्ग आला. या गाड्यांच्या स्टीअरिंगवर दोन्हीचे आकडे फिरवायची बटणं असतात, आणि पाऊस आला, टायर झिजले की पोट भरायला गाडी चालवणारा व्यावसायिक ड्रायव्हर शर्यत चालू असताना ती फिरवतो. ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ या खेळात याच गाड्या आहेत, म्हणून तिथं ट्रॅक्शन कंट्रोल ही असिस्टच्या पानावरची नुसती टिक नाही, गाडीचाच भाग आहे. तो बंद करून फिरणारा स्वतःला खरा समजत असेल, पण खऱ्या गाडीपासून तो एक पाऊल लांबच गेलेला असतो.

फॉर्म्युला वनचं म्हणाल तर मजकूर निम्मा बरोबर आहे. आज तिथं एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. पण इतिहास पाहा. १९९२मध्ये नायजेल मॅन्सेलनं विल्यम्सच्या एफडब्ल्यू१४बीवर विजेतेपद घेतलं, तिला गाडीची उंची आपोआप सांभाळणारं ॲक्टिव्ह सस्पेन्शनही होतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलही. पुढच्या वर्षी अलँ प्रॉस्टनं जिच्यावर विजेतेपद घेतलं त्या एफडब्ल्यू१५सीला तर एबीएसही होतं. १९९४ला हे सगळं बंद झालं. २००१मध्ये स्पेनच्या शर्यतीपासून ट्रॅक्शन कंट्रोल परत आलं, आणि २००८ला सगळ्यांना एकच इंजिन कॉम्प्युटर देऊन पुन्हा काढलं. मजकूर लिहिणाऱ्याच्या हिशेबानं प्रॉस्ट १९९३मध्ये प्रवासी होता आणि त्याआधीच्या तीन विजेतेपदांना ड्रायव्हर!

तेव्हा उत्तर गाडीगणिक बदलतं. फॉर्म्युला वनच्या खेळात आजची गाडी घेऊन एबीएस लावलं असेल तर ती सवलत आहे, मान्य करा आणि खेळा. जुन्या ‘असेटो कोर्सा’त यासाठी फॅक्टरी नावाची सोयच आहे: खऱ्या गाडीला जे होतं तेच चालू राहतं.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जास्त लोकांना पटलेला दिसतो, आणि नुकसानही त्यानंच जास्त केलं: ‘पहिल्या दिवसापासून सगळं बंद करा. पडाल, धडपडाल, पण खरं शिकाल.’

ओल्या काळ्या मातीच्या पांदणीवर मोटरसायकलचा मागचा ब्रेक दाबला की चाक कसं जाम होतं आणि गाडी कशी आडवी जाते, हे इकडच्या पोराला कोणी शिकवत नाही. त्याला ते आधी बुडाला कळतं, मग हँडलला, डोळ्याला सगळ्यांत शेवटी. सिम्युलेटरवर यातली पहिली वाट बंदच. खुर्ची जागची हलत नाही, ब्रेक मारल्यावर अंग पुढे जात नाही. चाक जाम झाल्याची बातमी येते ती टायरच्या ओरडण्यातून आणि व्हील अचानक हलकं पडण्यातून. तोवर गाडी वाळूत.

त्यात पेडलची गोष्ट वेगळी. स्वस्त सेटचा ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो. खऱ्या रेसगाडीचा ब्रेक दगडासारखा असतो, तिथं पायाचा जोर चालतो. जोर मोजणारे लोडसेलवाले पेडल मिळतात, पण त्या पैशात माझ्यासारखं अख्खं सेकंडहँड व्हील येतं. पायाला जोर लक्षात राहतो. पेडल किती बोटं खाली गेलं होतं हे लक्षात राहत नाही. म्हणून साध्या पेडलवर एबीएसशिवाय चाक जाम होण्याच्या अगदी काठावर ब्रेक धरणं कधीकधी खऱ्या गाडीपेक्षाही अवघड जातं. अशा वेळी एबीएस लावणारा खेळाडू सामानातली उणीव भरून काढत असतो.

मामेभावानं मजकूर वाचून एका रात्रीत सगळं बंद केलं. पंधरा दिवसांत तो एकच गोष्ट शिकला: ब्रेकला भिणं. पेडल अर्ध्याच्या खाली न्यायचंच नाही, त्यापेक्षा वळणाच्या कितीतरी आधीपासून चुचकारत यायचं. स्पाच्या ला सूर्स या तीव्र वळणाला तो असा यायचा, जसा कोणी शेण चुकवत चालतो. शेवटी मी एबीएस परत लावून दिलं आणि म्हटलं, “या पाटीपाशी आला की पेडल पूर्ण दाब, दुसरं काही पाहू नको.” दोन दिवसांत त्याची ब्रेकची जागा पक्की झाली. मग पेडल हळूहळू सोडत वळायला शिकला. आता एबीएसचा आकडा एकेक करून खाली आणतो आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर चूक कशानं झाली ते कळतं. सगळंच एकदम बंद केल्यावर गाडी फिरली ती ब्रेकनं, गिअरनं की ॲक्सिलरेटरनं, हे नवख्याला कळणार तरी कसं?

व्हील नसून हातातल्या गेमपॅडवर खेळणाऱ्यांनी तर हा मुद्दा मनावरच घेऊ नये. अंगठ्याखालची काडी इकडून तिकडे जेमतेम बोटभर जाते आणि गाडीचं स्टीअरिंग त्याच्या कितीतरी पट फिरतं. मधला हिशेब खेळच करतो, वेग वाढला की चाक वळण्याचं प्रमाण कमी करतो. पानावरचे सगळे असिस्ट बंद असले तरी हे बहुधा चालूच असतं.

चौथा मुद्दा: ‘ऑनलाइन शर्यतीत असिस्ट म्हणजे चीटिंग.’

तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, काठी, चाबूक, विजेचा झटका चालत नाही. नियम आहे, तो मोडला की चीटिंग. जे नियमात बसतं ते धुरकरी करतो आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही. ऑनलाइन शर्यतीतही सर्व्हर चालवणारा ठरवतो. कॉम्पेटिझिओनेच्या सर्व्हरवर स्टॅबिलिटी कंट्रोलची (त्यावर पुढे येतो) कमाल मर्यादा ठरवता येते, आणि आयडियल लाइन म्हणजे रस्त्यावरची रंगीत रेषा, ऑटो गिअर, ऑटो क्लच हे सगळं वेगवेगळं बंद करता येतं. ज्याला नको त्यानं बंद करावं आणि तसं आधी सांगावं. मला विचाराल तर आमच्याकडे सगळ्यांत मोठा असिस्ट म्हणजे इन्व्हर्टर. शेवटच्या फेरीला लाइन गेली आणि तरी तुमचा राउटर चालू राहिला, याहून अन्यायाचा फायदा मला ठाऊक नाही.

पाचवा: ‘रस्त्यावरची रंगीत रेषा लावणारा ट्रॅक कधीच शिकत नाही.’

इथं मी बराचसा मजकुराच्या बाजूचा. रेषा हिरवी, पिवळी, लाल होते आणि डोळे गाडीच्या नाकासमोरच खिळतात. वळणाचा आतला काठ, त्यापुढची वाट, कुठंच नजर जात नाही. शिवाय त्या रेषेला शेजारी घुसलेली गाडी दिसत नाही. आमच्याकडे शेतीची लाइन रात्री येते. मोटर चालू करायला निघालेला माणूस अंधारात बाभळीवरून, विहिरीच्या कट्ट्यावरून वाट ओळखतो, कारण त्याला कोणी रेषा आखून दिलेली नाही. ट्रॅकवरही शंभर मीटरची पाटी, वळणाकाठचा रंगीत कर्ब सुरू होतो ती जागा, डांबराचा बदललेला रंग, अशा खुणा स्वतः धराव्या लागतात. पण ‘कधीच’ हा शब्द फुकटचा. नव्या ट्रॅकवर पहिल्या दहा फेऱ्या रेषा लावा. वळणं कोणत्या क्रमानं येतात तेवढं कळलं की काढून टाका.

आणि खरा चोर मजकुरात आलाच नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल आणि स्टीअरिंग असिस्ट. गाडी घसरायला लागली की ही जोडी तुमच्याआधी तिला सरळ करते, म्हणून मागचं चाक सुटतं म्हणजे काय, उलटं स्टीअरिंग किती आणि केव्हा, हे हाताला कधी कळतच नाही. एबीएसवर शंभर ओळी लिहिणाऱ्याला हे सुचू नये याचं नवल वाटतं. बहुतेक ‘सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यानं काय काय बंद केलं ते उघडून पाहिलेलं नसावं. मामेभावाचं स्टॅबिलिटी मी वीस टक्क्यांवर आणलं आहे. दर रविवारी पाच-पाच टक्के काढतो. तो कुरकुरतो, पण परवा पावसातल्या फेरीत मागचा भाग सुटला आणि त्यानं तो स्वतः धरला. नंतर अर्धा तास तेच सांगत होता.

सध्या अडचण निराळीच आहे. आईनं गव्हाचं पोतं दळणाला काढलं, आणि ब्रेक मारला की पेडल पलंगाखाली जातात.