तंबोरा कपाटात, विभाग माहितीपुस्तिकेत

मुलीला बारावीनंतर संगीत घेऊनच पदवी करायची आहे, हे घरातल्या सर्वांनी एकदाचे मान्य केले, तेव्हा अवघड भाग संपला असे मला वाटले होते. "गाण्यावर पोट भरते का?" असे विचारून भंडावून सोडणाऱ्या नातेवाइकांना तोंड देऊन झाले होते, तिच्या मामांचा रुसवाही काढून झाला होता. गेले तीन आठवडे महाविद्यालयांचे उंबरठे झिजवल्यानंतर मात्र नातेवाईक परवडले असे म्हणण्याची पाळी आली आहे. ते निदान जे विचारायचे ते तोंडावर विचारतात. महाविद्यालयात आपण विचारलेल्या एकाही साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही.

माहितीपुस्तिका सगळ्यांच्याच गुळगुळीत कागदावर छापलेल्या. त्यांत फेटे बांधलेली मुले आहेत, युवा महोत्सवातला समूहगीताचा चषक आहे, महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक समितीसमोर ईशस्तवन म्हणणाऱ्या मुलींची रांग आहे. चषक कसे येतात हे या भागात कोणाला ठाऊक नाही? महोत्सवाच्या तोंडावर बाहेरचा माणूस बोलवायचा, महिनाभर एकच गाणे घोटून घ्यायचे आणि त्याच्या श्रमांवर वर्षभर मिरवायचे. गाणे शिकवणार कोण आणि आठवड्यातून किती तास, एवढ्या दोन ओळी छापायला मात्र जागा उरत नाही.

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी "विभाग पाहायचा आहे" असा आग्रहच धरला. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. खोलीत सतरंजीची वळकटी, भिंतीला टेकवलेली दोन हार्मोनियम आणि एक लोखंडी कपाट होते. कपाटातून शिपाईदादांनी तंबोरा काढला, तेव्हा त्याच्या भोपळ्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार नव्हती, जोडीच्या दोन तारांपैकी एक सैल लोंबत होती आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा, सुराला गुंज देणारा जवारीचा दोरा कधीच गळून गेला होता. माझ्या मुलीने सवयीने खुंटीला हात लावला, तर शिपाईदादा कळवळून म्हणाले, "ताई, राहू दे, तुटेल." ही गोष्ट मिरजेपासून बसने अर्ध्या तासावर घडते आहे, याचा संताप मला अजून आवरत नाही. जिथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, ज्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या मिरजेत किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी घर केले, तिथून हाकेच्या अंतरावरच्या संगीत विभागाला एक तार बसवून आणता येत नाही! मिरजेत नेऊन तंबोरा दुरुस्त करून आणायला एक दिवस पुरतो. पण तो दिवस काढायचा तर तंबोरा लागतो असे आधी कोणाला तरी वाटायला हवे.

"आता सगळे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावरच होते," असे मला समजावण्यात आले. बरे, कोणत्या पट्टीत? प्रत्येकाचा 'सा' पेटीच्या वेगळ्या पट्टीवर असतो. माझी मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून गाते, तिच्याबरोबर बसणारा मुलगा काळी एकमध्ये गाणार. दोघांना एकाच वर्गात एकाच वेळी कसे शिकवता, हे मी विचारले. उत्तर आले, "मध्ये कुठेतरी काळी दोन धरतो, म्हणजे सगळ्यांना जमते." सगळ्यांना जमत नाही, साहेब. एकाचा तारसप्तक, म्हणजे वरचे सूर, ओढला जातो आणि दुसरीचा खर्ज घशातच राहतो. तीन वर्षे असे गायल्यावर आवाजाचे काय होते, हे सांगायला संगीताची पदवी लागत नाही. मी गाण्याच्या मध्यमा परीक्षेपर्यंत शिकून सोडून दिलेली बाई आहे, मलाही ते कळते.

तासांचा हिशेब तर आणखी संतापजनक. नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रात ३० तास. चार श्रेयांकांचे १२० तास होतात, म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला आठ तास. भिंतीवरच्या वेळापत्रकात मी मोजून तीन तास पाहिले. उरलेल्या पाचांचे काय, असे विचारताच कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिजोरीची किल्लीच मागितली. तबल्याला साथीदार आहे का? "गरजेनुसार बोलावतो." एक तास मागे बसून ऐकता येईल का? "तशी पद्धत नाही." भाजी घेताना आपण गवारीची शेंग मोडून पाहतो, आणि मुलीची तीन-चार वर्षे मात्र फोटो पाहून द्यायची.

शिकवणाऱ्यांवर माझा राग नाही, हेही सांगते. जिन्यात भेटलेले एक तरुण सर हळू आवाजात म्हणाले की पूर्णवेळ जागा जुने सर निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे, ते स्वतः तासिका तत्त्वावर येतात आणि मानधन सत्र संपल्यावर कधीतरी मिळते. एवढे खरे बोलणारा तो एकच माणूस मला त्या इमारतीत भेटला. आणि सगळे ऐकून घेतल्यावर विभागाच्या वतीने मिळालेला सल्ला काय, तर "मुलगी हुशार आहे, बाहेर चांगल्या गुरुजींकडे क्लास चालू ठेवा." तो आम्ही ती सात वर्षांची असल्यापासून चालूच ठेवला आहे! गाणे गुरुजींनीच शिकवायचे असेल, तर शुल्क, पंचाहत्तर टक्के हजेरी आणि रोजचा येण्याजाण्याचा बसपास हे सगळे कशासाठी?

काल त्याच कार्यालयातून फोन आला. जागा भरत आल्या आहेत, लवकर प्रवेश घ्या, असे सांगणे होते. मी विचारले, तंबोऱ्याला तार घातली का? पलीकडे क्षणभर शांतता होती, मग प्रश्न आला, "कसली तार, मॅडम?"