खातं बंद नाही, कायमचं डिलीट करतेय

येत्या रविवारी रात्री माझं हे फेसबुक खातं मी कायमचं डिलीट करतेय. कुणावर राग नाही, कुणाशी भांडण नाही. पण इथे जोडलेले बरेच जण पालक आहेत, बरेच माझ्यासारखेच जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, म्हणून गुपचूप निघून जाण्यापेक्षा कारण सांगून जावं असं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता ती पुण्यात नर्सिंगला आहे. कशा आहात, शाळा कशी आहे, सगळं विचारून झालं आणि मग म्हणाली, "बाई, एक सांगू? रागावू नका. तुमच्या फेसबुकवर माझा एक फोटो आहे. तेवढा काढाल का?"

फोटो शोधला. ती तिसरीत असतानाचा. एका मंडळाने शाळेला दप्तरं दिली होती. दप्तर एकच आणि ते धरलेले हात पाच, त्यातले दोन तिचे. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, दप्तराच्या चेनकडे बघत होती. केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, कारण उद्या पाहुणे येणार आहेत, नीटनेटके या, असं मीच वर्गात सांगितलं होतं. खाली मी तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं, गाव लिहिलं होतं आणि पुढे 'वडिलांचे छत्र हरपलेल्या गरजू विद्यार्थिनीस मदत'. हॉस्टेलमधल्या कुणीतरी तिचं नाव शोधलं, हा फोटो सापडला आणि तो मुलींच्या ग्रुपवर गेला. "तुमचं काही चुकलं नाही बाई," असं ती दोनदा म्हणाली. तेच मला जास्त लागलं. माझं चुकलं होतं.

फोटो त्याच मिनिटाला काढला. मग बाकीचे बघत बसले. स्वेटरवाटप, चष्मेवाटप, आरोग्य तपासणीच्या रांगेत शर्ट काढून उभी असलेली पोरं. खिशावर शाळेचं नाव, फळ्यावर तारीख. अकरा वर्षांत एकाही आईला मी विचारलेलं नव्हतं, टाकू का म्हणून.

हे आपण का करतो, तेही खरं सांगायला हवं. पट घसरत चालला की शाळेवर टांगती तलवार असते. गावाला शाळा दिसली पाहिजे, देणाऱ्याला त्याची मदत पोचलेली दिसली पाहिजे. आमच्या शाळेचा प्रोजेक्टर अशाच एका पोस्टमुळे आला, तो आजही चालतो. पण प्रोजेक्टरचा फोटो टाकला असता तरी चाललं असतं. पोरीचं नाव आणि तिचं दुःख त्यासाठी लागत नव्हतं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल दिला. त्यात न्या. संजय किशन कौल यांनी मुलांबद्दल वेगळं लिहिलंय. लहान वयात इंटरनेटवर केलेल्या चुकांचे परिणाम मुलांना जन्मभर भोगावे लागू नयेत, असा त्याचा आशय. इथे तर चूक मुलीची नव्हतीच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. तो कायदा माझ्या फेसबुकच्या भिंतीला किती लागू होतो, हा कीस मला पाडायचा नाही. विचारायची अक्कल कायद्याआधी असायला हवी होती.

आणि एकाच्या हातून दुसऱ्याची माहिती किती जाते हे आपण पाहिलंय. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या ब्रिटिश कंपनीने एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती मिळवल्याचं प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आलं, तेव्हा फेसबुकनेच सांगितलं की भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची. बाकीच्यांनी काहीच केलं नव्हतं, ते फक्त कुणाच्या तरी फ्रेंड्सच्या यादीत होते. माझी मुलं तर यादीतही नव्हती. ती माझ्या फोटोंत होती.

एक सहकारी म्हणाल्या, डिॲक्टिव्हेट कर की, डिलीट कशाला? डिॲक्टिव्हेट केलं की खातं लपतं, पण सगळं सामान तिथेच राहतं. कधीही लॉगिन करा, जसंच्या तसं परत. मला ते सामानच तिथे नकोय. डिलीट केल्यावरही ३० दिवस विचार बदलायची मुभा असते. त्यानंतर सगळी माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुम्हाला पाठवलेले मेसेज मात्र तुमच्या इनबॉक्समध्ये राहतील. आणि कुणी फोटो सेव्ह करून घेतला असेल, तर तो माझ्या डिलीटने जाणार नाही.

ज्यांना हेच करायचंय त्यांनी आधी आपली माहिती डाउनलोड करून घ्या. फेसबुकने लॉगिन केलेली इतर ॲप असतील तर तिथे ईमेल किंवा नंबर घाला. आणि एखाद्या पेजचे तुम्ही एकटेच ॲडमिन असाल, तर खात्याबरोबर ते पेजही जातं. शाळेच्या पेजचं असंच होणार होतं. गुरुजींशी बोलले, व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला. अर्धा तास वाद झाला. शेवटी एका आजींनी विचारलं, "माझ्या नातवाचा उघड्या अंगाचा फोटो हाय का त्यात?" होता. पेज राहणार आहे, जुने फोटो काढलेत, आता इमारत, बाग आणि मुलांची चित्रं एवढंच जाईल.

मलाही जड जातंय. डीएडच्या मैत्रिणी इथेच परत सापडल्या. आमचे एक केंद्रप्रमुख आता नाहीत, पण माझ्या जवळजवळ प्रत्येक पोस्टखाली त्यांचं 'छान उपक्रम, बाई' आहे. ते वाचायला मी अधूनमधून येत असे. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये ते आहे का, अजून उघडून पाहिलं नाही.

सगळे फोटो मी एका हार्डडिस्कवर घेतलेत. माझ्या वर्गात शिकून गेलेल्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पेनड्राइव्ह घेऊन यावं आणि आपले तेवढे न्यावेत. पुण्या-मुंबईला असलेल्यांनी फोन करा, नंबर जुनाच आहे. आणि त्या दप्तरवाटपाचा फोटो कुणाच्या फोनमध्ये असेल, तर आजच काढून टाका, एवढी विनंती.