‘दुखत नाही म्हणजे कॅन्सर नाही’ हे कोणी ठरवलं?

माझ्या आत्याच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, काही महिन्यांपासून गाठ आहे. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, वेळही ठरली आणि तिने ती रद्द केली. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज: ‘चेहऱ्यावरची न दुखणारी गाठ म्हणजे चरबी. कॅन्सर असता तर दुखला असता. सुई टोचली की कॅन्सर पसरतो. लसणाचा लेप लावा, मऊ झाली की घरीच पिळून काढा.’ लाखो लोक हे एकमेकांना पाठवताहेत, म्हणून लिहितोय.

‘कॅन्सर असता तर दुखला असता’ हे सर्वांत घातक. कानाच्या पुढे आणि खाली लाळेची सर्वांत मोठी ग्रंथी असते, पॅरोटिड. लाळग्रंथींच्या सुमारे ८० टक्के गाठी तिथेच होतात आणि त्यातल्या साधारण ८० टक्के कॅन्सरच्या नसतात. पण उरलेल्यांपैकी बऱ्याच सुरुवातीला न दुखताच वाढतात. साध्या गाठींमधली सर्वांत जास्त आढळणारी गाठसुद्धा दुखत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि तशीच ठेवली तर पुढे काही जणांमध्ये तिचा कॅन्सर होतो, म्हणूनच ती काढायला सांगतात. चेहऱ्याच्या हालचाली सांभाळणारी नस याच ग्रंथीतून जाते. गाठीबरोबर ओठ वाकडा होऊ लागला किंवा डोळा मिटेनासा झाला, तर गाठ दुखते की नाही याची वाट पाहायची? त्वचेचा बेसल सेल कॅन्सरही असाच: मोत्यासारखा चमकणारा छोटा उंचवटा, अधूनमधून रक्त येतं, खपली धरते, दुखत मात्र नाही.

चेहऱ्यावरच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, एवढं मान्य. त्वचेखालची सिस्ट, म्हणजे आत द्रव किंवा घट्ट पदार्थ साठलेली पिशवी, असते, खरंच चरबीची गाठ असते, दात किंवा घशाच्या संसर्गाने सुजलेली लसिकाग्रंथी असते. पण आपली गाठ यातली कोणती, हे हात लावून तपासणारा माणूस सांगेल, मेसेज नाही.

सुईने पसरतो म्हणे! अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये प्रौढांच्या मानेतल्या गाठींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निदान स्पष्ट नसेल तर गाठ कापून तुकडा घेण्याऐवजी आधी बारीक सुईने पेशी काढून तपासा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली, दीड सेंटिमीटरहून मोठी, टणक, जागची न हलणारी किंवा वरच्या त्वचेवर उघडी जखम असलेली गाठ त्यांनी जोखमीची मानली आहे. सूचना मानेच्या आहेत, पण पॅरोटिडच्या गाठीतही हीच सुई वापरतात. तिच्यामुळे कॅन्सर पसरणं अतिशय दुर्मीळ आहे. तपासणी टाळल्याने वाया जाणारे महिने मात्र खरे असतात.

लसणाबद्दल एवढंच की कच्चा लसूण बांधून ठेवला तर त्वचा भाजते, आणि आतली गाठ तशीच राहते.

पिळणं त्याहून वाईट. सिस्टची पिशवी आत राहिली की ती पुन्हा भरते. नाक आणि वरच्या ओठाच्या आसपासच्या शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असतो, त्यामुळे तिथला संसर्ग, क्वचित का होईना, आत जाऊ शकतो. लहान मुलांच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला किंवा नाकाच्या मधोमध जन्मापासून असलेली गाठ तर कुणीही दाबू नये. नाकावरच्या अशा गाठीचा धागा कधीकधी कवटीच्या आत गेलेला असतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी स्कॅन करतात.